इस्त्रीखालचं लुगडं

प्रिय विजयश्री,

लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि हे माझं तुला पहिलंच पत्र. हसू नकोस. फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच 'अहो, आईचं लुगडं कधी आणताय?' असं विचारतेस आणि माझी बोबडी वळते. सकाळपासून चार वेळा चहा टाकला, दोनदा तो ओट्यावरच निवला. नात जन्मून सहा दिवस झाले, करिष्माचं सासर मारुंजीला, ते काही परमुलखात नाही, आणि तिचा आजोबा मोशीत बसून कागद खरडतोय.

तू करिष्माच्या बाळंतपणाला निघालीस त्याच्या आदल्या दिवशीचं आठवतंय ना? तुकड्यांच्या गोधड्यांची ऑर्डर मिळाली म्हणून तू खुशीत होतीस आणि मला मोबाइलवर सामान दाखवत होतीस. आखलेली पट्टी, कापडावर ठेवायची वजनं, चिमटे, शिवण दाबायचा लाकडी ठोकळा, इस्त्रीखाली घालायची लोकरीची गादी. किमती बघितल्यास आणि मोबाइल पालथा ठेवलास. ते मला लागलं. मी म्हणालो, बावीस वर्षं चाकणला फिटर होऊन माशा मारल्या का? तू परत येईपर्यंत सगळं हजर करतो.

आणि केलंही, बरं का. भंगारातून स्टीलची पट्टी आणली, घासून पुसून तिच्यावर खुणा कोरल्या. वजनांच्या जागी नट-बोल्टाखालचे मोठे लोखंडी वायसर. चिमटे आपले दोरीवरचेच, कपडे वाळत घालायचे. ठोकळ्याला वखारीतला सागाचा तुकडा, धागा अडकणार नाही इतका गुळगुळीत केला. इस्त्री फिरवून लगेच वर दाबला की शिवण अशी बसते की बोटाला लागत नाही. खळीसाठी भाताची पेज गाळून काच पुसायच्या बाटलीत भरली. ती दोन दिवस विसरलो आणि घरभर आंबूस वास सुटला, ते सोड.

राहिली होती गादी. पाटावर जुनं घोंगडं तिपदरी घातलं, पण वरून मऊ सुती कापड हवं होतं. ट्रंक उघडली. तळाशी उशीच्या अभ्र्यात विटकं हिरवं कापड होतं, जेमतेम दीड वार. तुझ्या चिंध्यांची बोचकी घरात कमी आहेत का? मला वाटलं, त्यातलंच एक. फर्रकन फाडलं, पाटाला ठोकलं, इस्त्री तापवून वर ठेवली आणि तुला फोटो काढून पाठवला. तू 'हुशार आहात' म्हणून लिहिलंस, विहीणबाईंनाही दाखवलंस. मी मनात फुगलो. फोटो काढायच्या नादात इस्त्री तिथंच राहिली होती. उचलली तर खाली तपकिरी टोक उमटलेलं. चालायचंच, गादीच ती, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नात झाली आणि तुझा फोन आला. ट्रंकेच्या तळाशी, अभ्र्यात, आईच्या हिरव्या लुगड्याचा उरलेला तुकडा आहे, तो आणा. बारशाच्या आत दुपटं शिवायचंय, बाळाला पहिलं दुपटं पणजीच्या नेसत्या लुगड्याचंच. फोटोत तुला ते ओळखू आलं नव्हतं. मी 'हो हो' म्हणालो आणि फोन ठेवून तिथंच फरशीवर बसलो. त्या दिवसापासून पायाला भिंगरी आहे. गॅलरीत जातो, परत येतो, ट्रंक उघडतो, जणू ते आपोआप घडी होऊन आत बसणार आहे.

सोजराबाई, तुझी आई, भोसरीच्या त्या एका खोलीत करिष्मा झाली तेव्हा तीन महिने राहिल्या, ते याच लुगड्यात. मी नाइट शिफ्टहून आलो की मला झोप मिळावी म्हणून तान्ह्या पोरीला पदराखाली घेऊन दारात बसायच्या. हे कापड मला ओळखू आलं नाही. मला स्वतःची लाज वाटते.

आणि हेही सांगून टाकतो. ओव्हरटाइममुळे तिकडे येता येत नाही म्हणालो ते खोटं. आठवडाभर मी रजेवर आहे. कंपनीत खराब निघालेल्या मालाला मी स्वतः लाल रंग लावून बाजूला ठेवतो, एकदाही लपवला नाही. घरी मात्र लपवला. शेवटी शेजारच्या रुक्मिणीबाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फाडलं त्ये फाडलं. आता रडून काय व्हतंय? टाका घालाया शिका." समोर बसून त्यांनी धावदोरा शिकवला. चार दिवस टाके घातले, निम्मे उसवले. बोटांची चाळण झाली आहे. पण दुपटं झालं आहे. जळका भाग सगळा काढला असता तर ते तोकडं झालं असतं, म्हणून इस्त्रीच्या टोकाचा डाग पायथ्याच्या कोपऱ्यात राहू दिला. कापड तिथं विरलेलं नाही, ओढून बघितलंय. तो लपवायला वरून ठिगळ लावलं होतं, तेही आज सकाळी काढलं.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की तोंडानं सांगायला मी तुझ्यासमोर उभा राहू शकलो नसतो. पत्र दुपट्याच्या घडीत घालून करिष्माच्या सोसायटीच्या वॉचमनकडे देणार आहे, आणि समोरच्या बस थांब्यावर बसणार आहे. वाचून झालं की गॅलरीत ये. राग आला असेल तर नुसती आत जा, मी मोशीची बस धरीन, तुला दोष देणार नाही. पण आईचं लुगडं आहे, बाळाला त्यावर ठेव. आणि हात हलवलास तर वर येईन. नातीचं तोंड मी अजून बघितलेलं नाही.

तुझाच,
ज्योतीराम