कापड थांबेल

४ फेब्रुवारी
आज पुन्हा रक्त! सातवा आठवडा. मागावरून उठलो तर पाटावर डाग. फडक्यानं पुसला, कुणी पाहिलं नाही.
चोवीस पट्ट्या जोडल्या की एक कापड; सतरा विणून झाल्या, सात राहिल्या. कुमासी शहराहून कापड सांगायला आलेली मुलगी एवढंच म्हणाली होती — घरात एकीला नेसायचंय, ईस्टरच्या आत द्या. शब्द दिलाय मी.

६ फेब्रुवारी
बायकोनं, आफ्रियेनं, आलं-मिरची वाटून एनिमाची रबरी पिचकारी भरली. "आमच्याकडे तान्ह्या पोरांनाही देतात. तुम्ही काय मोठे राजे लागून गेलात?" घेतली. देवा रे!! अंगणात तीन फेऱ्या धावत मारल्या. आफ्रिये आधी पोट धरून हसली. मग तिनं रक्त पाहिलं. दुपटीनं गेलं.

९ फेब्रुवारी
बाजारात कोनाडूआईकडे गेलो. तीस वर्षं भोंग्यावरून मूळव्याधीचं औषध विकतेय. काय आवाज बाईचा! भर बाजारात लोकांच्या बुडाबद्दल बोलते आणि लोक टाळ्या वाजवतात.
बाटली मागितली. तिनं भोंगाच बंद केला. मला मागे नेऊन विचारत बसली — किती दिवस झाले? रक्त लाल की काळं? कोंब बाहेर येतो का? आपोआप आत जातो? वजन उतरलं?
आणि बाटली परत फळीवर! "माझ्या औषधानं पोट साफ होतं, बोआदी. बाकी काही नाही. सात आठवडे रक्त जातंय म्हणजे आधी आत बघायला हवं. दवाखान्यात जा."
म्हटलं, मागावर ईस्टरचं कापड आहे.
"कापड थांबेल. मी सांगते ना!"
आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवायला छाती लागते. बाई थकलीय मात्र. बाह्या लोंबत होत्या.

१६ फेब्रुवारी
डॉक्टर तिवा माझ्या मुलीच्या वयाची. मला मान वर करवेना. नळीला दिवा लावून सगळं आतडं पाहिलं. मूळव्याधच, आतली. दुसरं काही नाही!
तिनं घाई केली नाही. भरपूर पाणी, पालेभाजी, कुंथणं बंद — आधी हे करून बघता येईल, पण रक्त बरेच दिवस जातंय. नाहीतर कोंबाच्या मुळाशी रबराचं कडं बसवायचं, आठ-दहा दिवसांत कोंब वाळून गळतो. किंवा कापायचं — ते पक्कं, पण महिनाभर नीट बसता येणार नाही. "तुमच्या कोंबाला कापण्याची गरज दिसत नाही. विचार करून सांगा."

१७ फेब्रुवारी
आफ्रिये म्हणते कापून मोकळे व्हा. महिना मागाशिवाय? मग ईस्टरचं काय? पण कडं बसवून दुखणं पुन्हा उपटलं तर?
शेवटी मलाच हसू आलं. मुळाशी आवळून बांधायचं आणि गळू द्यायचं — जन्मभर गाठी मारणाऱ्याला हे कळू नये?

२० फेब्रुवारी
बसवलं. जड वाटतं, दुखत नाही. आफ्रियेनं कंद कुटून केलेलं फुफू बंद करून पालेभाजीचं पातेलं पुढ्यात ठेवलं. "खा, महाराज."

१ मार्च
कोंब गळला! थोडं रक्त, मग काही नाही.

१३ मार्च
बावीस पट्ट्या. दिवसभर बसतो. बाजारात कोनाडूआईला सांगायला गेलो, तर दुकान बंद. तिचे पाय धरायचे होते.

१५ मार्च
कुमासीची मुलगी आली. म्हटलं, दोनच पट्ट्या राहिल्यात, ईस्टरला वेळ आहे. ती रडायला लागली. "मावशी गेली. ईस्टरला नेसणार होती. आता तिच्या अंगावर पांघरायचंय."
कोण मावशी?
"कोनाडू मावशी. तुम्हाला नाव सांगायचं नाही म्हणाली होती."
मुलीनं सांगितलं, तिलाही रक्त जात होतं. दोन वर्षं स्वतःचंच औषध पीत राहिली, मूळव्याधच समजून. गेल्या वर्षअखेरीस कळलं, आतड्यातली गाठ होती ती.
मागावर बसलोय. कुठे काही दुखत नाही, आणि रडू आवरत नाही.