सगळंच अळणी

४ मार्च

वाफेने भाजलो. मी! हॉटेलच्या भटारखान्यात केस पिकलेला माणूस!

सुपाचं पातेलं खदखदत होतं. झाकण पलीकडच्या बाजूने उचलायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी अलीकडून उचललं — लक्ष सगळं 'घाई'कडे. (माझ्या हाताखालची बाई. गाडी सुटत असल्यासारखी कांदा चिरते, म्हणून हे नाव.) तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि वाफ थेट आत. गाल, ओठ, जीभ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घशापर्यंत गेली नाही म्हणून वाचलात. आता गरम खाणं बंद. ओरडणं बंद." निम्मं आयुष्यच बंद केलं की!

५ मार्च

दादाकडे मुक्काम. शेजारीपाजारी बघून गेले. एकीने टूथपेस्ट आणली, एकाने शाई. चेहरा आहे का भिंत!

८ मार्च

वहिनींनी सूप निववून दिलं. "भाऊजी, खास तुमच्यासाठी हं." खास! कोमट पाण्यात गाजरांना आंघोळ घातलेली. दादा मात्र मिटक्या मारत होता. लग्न माणसाला काय काय गिळायला लावतं!

९ मार्च

दुधात भिजवलेला पाव. कापूस.

१३ मार्च

फोड वाळले. कामावर गेलो. माझ्या चुलीपुढे घाई, महाराणीच्या थाटात! तिचं सूप चाखलं. अळणी! सगळ्यांदेखत सुनावलं. तिचे डोळे भरून आले. म्हणे, "चाखूनच घातलंय हो मीठ." चाखून! ही चाखणार! मूठभर मीठ मीच टाकलं आणि म्हटलं, "वाढा आता."

वाट्या परत आल्या. एकूण एक! सूप कशाशी खातात ते गिऱ्हाइकांना तरी कुठे ठाऊक?

मालकाने परत आलेल्या वाटीत चमचा बुडवला, तोंडाला लावला आणि बेसिनकडे धावला. तोंड पुसत परत आला. नुसता माझ्याकडे बघत राहिला. घाईसुद्धा. रडत नव्हती आता. घाबरल्यासारखी दिसत होती — माझ्यासाठी.

नाटकं!

१४ मार्च

सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. जिभेवर मीठ ठेवलं. मग साखर. चूळ भरून पुन्हा मीठ.

वाळू. दोन्ही वाळू.

वहिनी दाराबाहेरून विचारतायत, "भाऊजी, बरं वाटत नाही का? चहा निववून देऊ?"

'हो' म्हणालो. प्यायल्यावर कसा झालाय म्हणून विचारतील. काय सांगू?