आशेर, अर्थ आनंदी

१ जानेवारी
या वर्षी संकल्प एकच. चिडायचं नाही. डॉक्टरांनी सांगून झालं, बायकोने सांगून झालं. आता आणखी कोणी सांगितलं तर मात्र खपवून घेणार नाही.

१ जानेवारी, दुपार
बायकोने पुन्हा सांगितलं. संकल्प उद्यापासून.

१६ फेब्रुवारी
मुलीचा फोन. ऑक्टोबरात मी आजोबा होणार. फोन बायकोला होता, मी शेजारी बसून ऐकला. शेवटी माझ्याकडे दिला. म्हणाली, मुलगी झाली तर नाव तुमचे जावई सुचवणार, मुलगा झाला तर बाबा तुम्ही सुचवा. पण एक अट. वर्गात त्या नावाचा दुसरा कोणी निघता कामा नये.

टोमणा होता. कळतात मला टोमणे. तिच्या जन्माच्या वेळी ऑफिसात सर्वाधिक ठेवल्या गेलेल्या नावांच्या वार्षिक यादीची घाई होती. यादीत पहिल्या नंबरला जे नाव होतं तेच तिला ठेवलं. इतक्या लोकांना आवडलेलं नाव वाईट कसं असेल? पुढे शाळेत त्याच नावाच्या चौघी निघाल्या. बाई तिला तीन नंबर म्हणायच्या, मग मैत्रिणीही म्हणायला लागल्या. आता ती तिशीला आली तरी मनात धरून बसलीय. जन्मनोंदणीच्या खिडकीवर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला नावाबद्दल अटी घालते!

२० फेब्रुवारी
सापडलं. आशेर. हिब्रू नाव. अर्थ आनंदी, सुखी. मूळ फार प्राचीन. बारा भावांतला एक भाऊ, दासीच्या पोटी आलेला. नाव मात्र ठेवलं घरच्या मालकिणीने, स्वतःला आनंद झाला म्हणून. लिहायला तीन अक्षरं, जोडाक्षराची कटकट नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधलं. सगळी वर्षं मिळून शून्य.

अर्थ दिला होता त्याच्याखाली असंही लिहिलं होतं की बाहेर काही देशांत हे नाव गेल्या वीसेक वर्षांत भराभर वर चढलंय. तो भाग कामाचा नव्हता. सोडून दिला.

मुलीला कळवलं.  म्हणाली, छान आहे बाबा. हे वाक्य तिने मला याआधी कधी ऐकवलं होतं, आठवेना. लगेच पुढे, आता कोणाला सांगत बसू नका. मला सांगते! सरकारी माणसाला!

५ मार्च
सकाळपासून तेच. बाळाचं नाव कुठे लिहू, आईचं कुठे लिहू, चौकटीत की चौकटीबाहेर. काचेवरचा नमुना अर्ज उन्हाने पार पांढरा पडलाय. त्यावर फक्त सही वाचता येते, तीही माझ्या आधीच्या कारकुनाची. ते वारले. एकाने बाळाच्या नावाच्या जागी स्वतःचा फोन नंबर लिहून आणला. ओरडलो. साहेब केबिनमधून बाहेर आले. दोन नंबर खिडकीच्या बाई हसल्या. त्या सगळ्यांकडे बघून हसतात, म्हणून रांग त्यांच्याकडे. हसण्यावर रांग लावणार असाल तर नियम कशाला केलेत?

६ मार्च
स्वतः नवा नमुना लिहून काचेवर लावला. काळी शाई, माझं अक्षर. बाळाच्या नावाच्या चौकटीत काहीतरी भरायलाच हवं होतं, तेव्हा मनात होतं ते भरलं. शेऱ्याचा रकाना रिकामा बरा दिसेना, म्हणून तिथे अर्थही लिहिला. हे काही कोणाला सांगणं नव्हे. नमुना वाचतो कोण?

१२ मार्च
साहेबांनी नमुना पाहिला. मोत्यासारखं अक्षर आहे म्हणाले. झेरॉक्स काढून शहरातल्या सगळ्या दवाखान्यांत पाठवणार. बत्तीस वर्षांत पहिलं कौतुक. दोन नंबरच्या बाई हसत होत्या, पण आतून जळत होत्या. मला कळतं.

३० एप्रिल
घात झाला. एक बाप अर्ज घेऊन आला, मुलाचं नाव आशेर. कुठून मिळालं विचारलं तर म्हणतो, असंच, डोळ्यांसमोर आलं. डोळ्यांसमोर! आईच्या सहीचा फाटा चौकटीबाहेर जातो म्हणून अर्ज परत केला. तो दोन नंबरला गेला आणि पाच मिनिटांत दाखला घेऊन बाहेर. मला बघून हात हलवला.

१८ मे
आणखी तीन. एक शिंपी, एक बसचा ड्रायव्हर आणि एक जुळ्यांचा बाप. तो दोघांनाही तेच नाव चालेल का विचारत होता.

नाव बदला म्हणून एकेकाला समजावलं. ते विचारतात, का, अर्थ वाईट आहे का? खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. आनंदी, म्हणालो, आनंदी असा अर्थ आहे, सुखी! टेबलावर हात आपटून म्हणालो. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बाईने पेन काढून तळहातावर लिहून घेतलं.

२ जून
फितूर कोण? संशयित तीन. बायको: नाव माहीत आहे, पण मी सांगितलेलं काही पुढे सांगण्यासारखं असतं असं तिला वाटत नाही. विहीणबाई: नाव माहीत आहे आणि दिवसभर फोनवर असतात. दोन नंबरच्या बाई: नाव माहीत असण्याचं काहीच कारण नाही, म्हणूनच संशय जास्त.

विहीणबाईंना फोन लावला. शांतपणे बोलणार होतो. तिसऱ्या वाक्याला बायकोने फोन हिसकावून घेतला. तेव्हापासून जावई माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलतो.

४ जुलै
दोन नंबरच्या बाईंविरुद्ध साहेबांकडे लेखी तक्रार, सात पानं. विषय, गोपनीय नावाची गळती. साहेबांनी विचारलं, नाव कोणतं? मी म्हणालो, गोपनीय आहे. त्यांनी फाइल मिटली. असल्या माणसाच्या हाताखाली दिवस काढायचे.

२२ ऑगस्ट
मुलीचा फोन. या वेळी मलाच. तपासणीला गेली होती. बाकावर शेजारी दोघी बसल्या होत्या, दोघींचंही ठरलंय, मुलगा झाला तर आशेर. विचारलं, बाबा, किती झाले? फार नाहीत म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, किती? सव्वीस म्हणालो. ती म्हणाली, म्हणजे माझा सत्ताविसावा. तिनेच फोन ठेवला.

मी चिडलेलो नाही. कप हातातून निसटला. भिंतीपर्यंत निसटला.

२३ ऑगस्ट
ऑफिस उघडायच्या आधी पोचलो. दोन नंबरच्या खिडकीवर पुरावा शोधणार होतो. काचेच्या त्या बाजूला, लोक उभे राहतात तिथे जाऊन उभा राहिलो. बत्तीस वर्षांत कधी तिथे उभं राहायची वेळ आली नव्हती.

डोळ्यांसमोरच होतं. मोत्यासारख्या अक्षरात. आशेर. शेरा: अर्थ आनंदी.

ओरबाडून काढलं. जागा रिकामी दिसू नये म्हणून कपाटातून जुना नमुना काढला. उजेडात तिरका धरला. शाई उडालीय, पण कागदावर पेनाचे वळ आहेत. बाळाच्या नावाच्या चौकटीत माझ्या मुलीचं नाव. तारीख तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. यादीत पहिल्या नंबरला ते नाव कसं आलं, आज कळलं. मी तेच उचलून घरी नेलं होतं.

दोन नंबरच्या बाई आल्या. बरं नाही का विचारलं, पाणी आणून दिलं. सात पानांबद्दल माफी मागायला हवी होती. पाण्याबद्दल आभार मानले. त्यातच आलं ते.

९ ऑक्टोबर
मुलगा झाला. दोघंही छान. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला.

नाव काय ठरलं विचारलं. मुलगी म्हणाली, ठरलंय, कळेल. जावयाला माहीत आहे, विहीणबाईंना माहीत आहे, माझ्या बायकोलाही माहीत आहे. खोलीत मी आणि बाळ, एवढेच अडाणी. संताप आला. पण ओरडायचं सोडून मी तिला नमुन्याचं सांगून टाकलं. दोन्ही नमुन्यांचं. ती बाळाकडे बघत राहिली. म्हणाली, म्हणजे मी काचेवरची होय. हसली की काय, कळलं नाही. मला मात्र रडू आलं. सर्दी आहे म्हणालो.

२७ ऑक्टोबर
जावई ऑफिसात आला. दोन नंबरच्या रांगेत नववा. माझी खिडकी पूर्ण मोकळी. हाक मारली. त्याने आज ऊन चांगलं पडलंय म्हणून सांगितलं आणि रांगेतच उभा राहिला.

पण दाखल्यावर सही माझीच लागते. शेवटी कागद आलाच माझ्याकडे. नाव वाचलं. कॉम्प्युटरवर शोधलं. एक. अख्ख्या कॉम्प्युटरवर एकच. सोबत टाचणीने लावलेली मुलीची चिठ्ठी: बाबा, हे नाव कुठेही लिहायचं नाही. अर्थ तर कोणालाच सांगायचा नाही.

म्हणून इथेही लिहीत नाही. सही केली. फाटा चौकटीबाहेर जाऊ दिला नाही.

२८ ऑक्टोबर
अर्थ शोधून काढला. इतका सुंदर अर्थ आहे की दिवसभर छातीत मावेना. दोन नंबरच्या बाईंना सांगावासा वाटला. सांगितला नाही. संध्याकाळी बायकोला सांगायला गेलो, तर तिला आधीच माहीत होता.

मग मुलीकडे गेलो. ती आंघोळीला गेली होती. बाळ पाळण्यात जागं होतं. वाकून त्याच्या कानात सांगितला, अगदी हळू. त्याने असं भोकाड पसरलं की मुलगी ओल्या केसांनी धावत आली आणि विचारलं, काय सांगितलंत त्याला?

काही नाही, म्हणालो.