आत न गेलेलं मलम

आई, आज पुन्हा तोच प्रयोग लावला. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतली तीच प्रयोगशाळा, तेच माझं स्टूल. काचेच्या छोट्या भांड्यात पाणी घ्यायचं, तोंडावर डुकराच्या कानाची पातळ कातडी ताणून बसवायची, वर आमसुलाच्या अर्काचं मलम लावायचं आणि तासातासाला खालचं पाणी तपासायचं. अर्क कातडीतून उतरला की नाही, एवढंच बघायचं. आजही नाही उतरला. इतक्या वर्षांत मलमं बदलली, माझे केस पिकले, पण पाणी काही बदललं नाही.

तू समोरच्याच गाळ्यात कपडे धुण्याची पावडर पिशव्यांत भरायचीस. पावडरीनं हात फुटलेले. घरी आलीस की आधी ओट्यापाशी जायचीस, गावाहून आलेला मुठेलाचा गोळा तव्याच्या उबेला धरायचीस आणि कोकमाच्या बियांचं ते तेल भेगांत चोळत बसायचीस. मी तेव्हा नुकती नोकरीला लागलेली, अंगात शहाणपण मावत नव्हतं. "आई, हे नुसतं वर बसतं गं. आमच्या मलमात आमसुलातलं अँटिऑक्सिडंट आहे, ते आत जातं." तू लगेच हात पुढे केलेस. "आत जाता? मगे आधी कित्याक सांगूक नाय?" त्या दिवसापासून मुठेल बंद. मलमाची डबी घेऊन चाळभर फिरलीस, "माझ्या चेडवान केलेला" म्हणत, लेकीचं कौतुक सांगत.

पुढच्याच आठवड्यात माझ्या प्रयोगाचे आकडे आले. काहीच आत जात नव्हतं. साहेबांना दाखवले तर हसले. "अगं, डबीवर 'खोलवर' लिहिलेलं झकास दिसतं ना! आत जाऊन कोण बघतंय यार?" मी गप्प बसले. ते नोकरीसाठी, असं म्हणता येईल. पण घरी तुझ्यापुढे का गप्प बसले? तुझ्या तोंडावरचा तो अभिमान जाऊ नये म्हणून, की माझाच जाऊ नये म्हणून? मलम भेगांत झोंबायचं. तू फुंकर घालायचीस आणि मलाच समजावायचीस, "झोंबता म्हणजे आत जाता गो." कधी कधी रक्त यायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तूच म्हणायचीस, पण मला कधी म्हणाली नाहीस.

मग हृदयाचं दुखणं आलं. बोरीवलीच्या इस्पितळात तू पडून होतीस, सलाइन लावलेला हात चादरीवर, भेगा तशाच. एकदा डोळे उघडून विचारलंस, "मुठेल आसा काय गो घराक?"

"संपलं, आई."

"मगे तुझा लाव."

पर्समधून डबी काढून लावलं. तू फुंकरसुद्धा घातली नाहीस. दोन दिवसांनी गेलीस, तेव्हा तुझ्या हातांना माझ्याच मलमाचा वास होता. अजून रोज तो वास घेऊन घरी येते, साबणानं जात नाही. मला माफी नकोय. ती द्यायला तू नाहीस, आणि दुसऱ्या कुणाची चालणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. मुठेल संपलं नव्हतं. तू मलम वापरायला लागलीस त्याच दिवशी मी तो गोळा केरात टाकला होता. अख्खा होता गं, तू नुकताच कोपरा मोडला होतास.