बक्षीस समारंभाची चंद्रकळा

ऋतुजा,

मी विश्रांतवाडीला शिंप्याकडे गेले आहे. काळ्या ब्लाउजच्या बाह्या दंडात रुततात, त्या सैल करून पाचपर्यंत परत येते.

काल तू म्हणालीस, "आजी, ऑफिसच्या बक्षीस समारंभाला सगळ्यांनी काळंच घालायचंय. शुभकार्याला तुला काळं चालत नाही, तू घरीच थांब." अगं, दर संक्रांतीला मी काय नेसते? सासूबाईंनी दिलेली चंद्रकळा अजून धडधाकट आहे. सकाळी ती गॅलरीत वाऱ्याला टाकली, तर समोरच्या तुळजाबाई ओरडल्या, "मालनबाई, संक्रांत लांब आहे अजून!" म्हटलं, "नातीचं बक्षीस थांबणार आहे का तोवर?"

तुझा काळा कोट इस्त्री करून दारामागे टांगलाय. आल्या आल्या दूध तापव.

खराडीला जायला दोघींची रिक्षा सांग. तुझं नाव पुकारलं की टाळ्या मी सगळ्यांत मोठ्याने वाजवणार. तुझ्या साहेबांशी इंग्रजीत तूच बोल, मी नुसती हसेन.

आणि काळ्याचं निमित्तच असेल, तुला मी तिथे नकोच असेन, तर चिठ्ठीच्या मागे तसं लिहून ठेव. मी वाचीन, आणि तरीही येईन.

— आजी