घड्याळाच्या पोटातल्या तारखा

सोमवार, ४ मार्च
देवा, घड्याळ नवं निघू दे! सगळ्या जगाला जुनं हवं, मला नवं हवं.
बाई जाऊन तीन आठवडे झाले. काल त्यांचा भाचा कपाटं रिकामी करायला आला, सगळं गणगोत घेऊन. मी म्हटलं, ते छोटं फ्रेंच घड्याळ बाईंनी मला दिलंय. सगळ्यांसमोर म्हणाला, “मावशी, साधं असेल तर खुशाल ठेवा. शंभर वर्षांच्या वरचं असेल तर मात्र घराण्याची वस्तू. तुम्हीच वय काढून आणा, म्हणजे कुणाच्या मनात किंतू नको.” मला पटलं.
अकरा वर्षं बाईंचं केलं. शेवटी त्यांना दिसेना. सकाळी उठल्या की घड्याळाची वरची कळ दाबायच्या. ते वाजून गेलेल्या तासाचे ठोके पुन्हा द्यायचं, बाई बोटांवर मोजायच्या. मग हाक — “सात झाले, मेलीस का झोपेत?”
मला ते ठोके हवेत. बाकी काही नको.

बुधवार, ६ मार्च
घड्याळवाल्याकडे गेले. पितळेची चौकट, चारी बाजूंनी काच, वर कडी — प्रवासात उचलून न्यायला. तो आपला बघतच बसला. म्हटलं, “मुलगी पसंत करताय का? वय सांगा!”
“ताई, बाईचं आणि घड्याळाचं वय घाईत विचारू नये.”
विनोद करतोय मेला! परवा या म्हणाला.

गुरुवार, ७ मार्च
सातला उगाच कान टवकारले.

शुक्रवार, ८ मार्च
जुनं निघालं.
घड्याळ साफ करणारा म्हणे आतल्या पत्र्यावर सुईने तारीख आणि आपली खूण कोरतो. भिंग दिलं हातात. केसाएवढे आकडे. सगळ्यात जुना १८९१. “एकशेतीसच्या खाली नाही,” म्हणाला.
“ऐंशी लिहा ना. तुमचं काय जातं?”
“माझी खूण जाते, ताई.”
खोटं मलाही पचत नाही. म्हटलं, लिहा काय खरं ते.

शनिवार, ९ मार्च
भाच्याला फोन केला. “अरेरे, तुमचं नशीब!” म्हणाला. आवाज अगदी साखरेत घोळलेला. कागद वाचून दाखवू का विचारलं, तर नको म्हणाला. सोमवारी संध्याकाळी न्यायला येणार.
जेवण गेलं नाही.

सोमवार, ११ मार्च
सकाळी, साफसफाईला ठेवलेलं घड्याळ आणायला गेले. घड्याळवाला स्वतःची तारीख कोरत होता. म्हणाला, “माझ्या आधीची अगदी ताजी आहे की! यंदाचाच जानेवारी. पुलापलीकडच्या दुकानाची खूण.”
जानेवारीत मी आठ दिवस बहिणीकडे होते. घड्याळ कोण बाहेर नेणार? तशीच पुलापलीकडे गेले. तिथल्या म्हाताऱ्याला चांगलं आठवत होतं — “चष्मेवाले भाचे. आत्याचं घड्याळ म्हणाले. वयच विचारायला आलेले. एकशेतीस सांगितलं की त्यांना!” म्हणजे वय ठाऊक असूनच शंभराची अट घातली!
घरी येऊन फोन लावला. म्हटलं, “घड्याळ न्यायला जरूर या. पण जानेवारीत तुम्हाला किती वय सांगितलं होतं, तेवढं आधी सांगा.”
फोन ठेवून दिला त्याने.
रात्रीचे आठ झाले. आला नाही. घड्याळाला किल्ली दिली.