मानेचं हाड आणि सातवीचा गणिताचा तास

आदरणीय थोरले दादा, तोक्तोसून आके,

तुम्ही आणि वहिनी खुशाल असाल, घोडी सुखरूप व्यायली असेल आणि तुमचा गुडघा तुमचं ऐकत असेल, असं धरून लिहितो. सायकाल गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तुम्ही आलात, त्याबद्दल चार शब्द बोलायचे राहिले. मला बोलायला जमत नाही, हे तुमच्या बहिणीने तुम्हाला तीस वर्षं सांगितलंच असेल.

आज मात्र बोलतो, कारण राग आवरत नाही (अक्षर त्यामुळे असं आलंय, व्होडकामुळे नाही). तुम्ही गेलात आणि आठवड्याभरात जिल्ह्याची समिती येणार असल्याचं पत्र आलं. विषय काय, तर अध्यापनाचा दर्जा आणि शाळेची संस्कृती. आमचे हेडमास्तर काबिलबेक यांनी दोन्ही गोष्टी तीन आठवड्यांत सुधारल्या. म्हणजे भिंती रंगवल्या, आणि सायकालचा सातवीचा गणिताचा वर्ग आपल्या भाचीला, नुरिझाला, देऊन टाकला. समितीपुढे घ्यायचा एकच तास तीन आठवडे घोकून घेतला. कुणी कुठला प्रश्न विचारायचा, कुणी कुठलं उत्तर द्यायचं, सगळं कागदावर. (नुरिझा वाईट नाही. पण अपूर्णांक दिसले की मुलांच्या आधी तीच घाबरते.)

समितीपुढच्या तासाला आम्ही सगळे शिक्षक मागे बसलो होतो. तीन उत्तरं घोकल्याप्रमाणे आली. चौथी उठली बुरुल, मेंढपाळाची मुलगी. कागदावर तिचं उत्तर होतं तीन अष्टमांश. ती म्हणाली, "मला हे समजलं नाही." तुमच्या बहिणीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: जो असं म्हणेल, त्याने फळ्यापाशी यायचं आणि वर्गाने त्याला वाट करून द्यायची. मुलांनी मुकाट्याने बाकं सरकवली. मग दुसरा उठला, "मलाही नाही." मग सगळा वर्ग! सव्वीस मुलं फळ्यापाशी, आणि नुरिझा खिडकीपाशी. मला दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली.

जेवणाआधी काबिलबेक समितीला सांगत होते, "त्या गेलेल्या बाईंनी लावलेल्या सवयी आहेत साहेब, महिन्याभरात पुसून काढतो." मी तिथेच होतो. सुरी माझ्या हातात होती, कारण मी सुतारकाम शिकवतो आणि धारदार सुऱ्या माझ्याकडेच असतात, म्हणून पाहुण्यांसाठी शाळेची मेंढी दरवेळी मीच कापतो आणि मीच वाढतो. आके, कुठलं हाड कुणाच्या ताटात जायचं हे मला झोपेतही चुकणार नाही. मेंढीचं डोकं मी समितीच्या प्रमुखांना दिलं. कमरेचं मोठं हाड, जे सगळ्यात थोर माणसाचं, ते पाणी द्यायला उभ्या असलेल्या बुरुलच्या हातात ठेवलं. आणि काबिलबेकांच्या ताटात मानेचं हाड, जे आपण मानाच्या माणसापुढे कधी ठेवत नाही.

काबिलबेक म्हणाले, "उस्ताद, शोकाने तुमचं डोकं फिरलंय. मान कुणाला वाढलीत?"

मी म्हणालो, "ज्याची त्याला."

समितीचे म्हातारे प्रमुख खोकायला लागले. (हसत होते. त्यांच्या मिशा मला दिसत होत्या.) आता फर्मान निघालंय: सगळ्या शिक्षकांसमोर माफी मागा, नाहीतर सुतारशाळेची किल्ली ठेवा. मी साठीला आलो, आके. त्या माणसाची माफी मी मेलो तरी मागणार नाही, हे लिहून ठेवा.

वहिनींना सलाम.

तुमचा मेव्हणा,
झोलदोश

ता. क. माफी मी काल मागितली. उभं राहून, दोनदा, कारण मागच्यांना ऐकू आलं नव्हतं. बदल्यात सातवीचा गणिताचा वर्ग त्यांच्या भाचीकडून काढून घ्यायला लावला.

ता. क. २. वर्ग कुणाला द्यायचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सायकालच्या थोरल्या भावाला. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस आहे आणि त्याने होकार दिलाय, असंही सांगून टाकलं. सोमवारी पहिला तास आहे. नकार पत्राने कळवू नका, पत्राला चार दिवस लागतात. तुम्हाला यायला एकच लागतो.